टिलरचा खांदा

कमलवहिनी. हे नाव आधी लिहून टाकतो, म्हणजे वयामुळे पुढे काही सांगायचं राहून गेलं तरी मुख्य गोष्ट राहिली असं होणार नाही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. निवृत्तीच्या समारंभात लोकांनी माझ्या आईवडिलांची, गुरुजनांची नावं घेतली आणि मीही ती आदराने घेतली. पण मी बी.एस्सी. झालो तो माझ्या थोरल्या भावाच्या बायकोमुळे, हे त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी ती स्वतः, जी मागच्या रांगेत बसून शेजारणीला माझ्या गळ्यातला हार कसा वाकडा पडला आहे ते दाखवत होती. वहिनी पैनगंगेच्या पलीकडून लग्न होऊन आली तेव्हा माझी आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाबा आणि मी तोवर कच्च्या भाकरी आणि करपलेलं वरण खाऊन जगत होतो. वहिनीने आल्या दिवशी चुलीपुढे बसून तवा उलटा करून पाहिला, त्याच्या बुडाचा काजळीचा थर नखाने खरवडला आणि म्हणाली, "भाऊजी, ह्या तव्यावर भाकरी भाजता का बूट?" त्या दिवसापासून ते घर तिचं झालं.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याहून आत, सागवानाच्या विरळ जंगलाला लागून. हमरस्ता दिसत नसे, पण वारा तिकडून असला की ट्रकांचे आवाज यायचे. हैदराबादकडून नागपूरला जाणारे, नागपूरकडून खाली येणारे. दादा त्यातल्याच एका ट्रकवर ड्रायव्हर होता. तो महिन्यातून कधीतरी उतरायचा, दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा. त्यामुळे घरात खरी माणसं तीनच. सकाळी वहिनी ज्वारीच्या भाकरी थापायची, त्यांचा आवाज माझ्या झोपेत शिरायचा. कालवणाला बहुतेक दिवस आंबाडीची भाजी, आणि भाजी नसेल त्या दिवशी जवसाची चटणी. जवस तव्यावर तडतडायला लागले की सगळ्या घरभर एक जड, किंचित कडसर, भाजलेला वास पसरायचा. तो वास आजही कुठे आला तर मला भूक लागते, मग जेवून पाच मिनिटं झालेली असली तरी चालतं.

संध्याकाळचा आवाज निराळा होता. बाबांचा उजवा खांदा गेला होता. आयुष्यभर त्यांनी एकाच मालकाकडे सालदारी केली, म्हणजे वर्षाच्या करारावर गडी म्हणून राबले. त्या खांद्याने पोती उचलली, नांगर धरला, अडलेली गाडी चिखलातून काढली. आता हात छातीच्या वर जात नव्हता. वहिनी जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून रोज त्यांचा खांदा शेकायची. पुरचुंडी टेकली की बाबा "हंऽऽ" करायचे, आणि वहिनी म्हणायची, "मामाजी, सांगा, कुठं दुखते?" त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "तू जिथं शेकत नाहीस तिथं."

खांदा गेला तशी चाकरी सुटली. मालकाने शेवटच्या सालाच्या धान्याऐवजी बाबांना एक जुना पॉवर टिलर दिला. दोन चाकांचा, पुढे डिझेल इंजिन, मागे लांब दोन मुठी आणि मागून चालणारा माणूस. अशी यंत्रं तेव्हा आमच्या भागात फारशी नव्हती. मालकाने हौसेने घेतला होता, चार-पाच वर्षं वापरला आणि मग गोठ्यात उभा करून ठेवला, कारण तो "जाम झाला". दादाने ओळखीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तो आमच्या अंगणात आणून उतरवला. वहिनी त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"मामाजी, मालकानं लंगडा बैल बांधला का तुमच्या गळ्यात?"

"लंगडा नाही पोरी," बाबा म्हणाले. "पाय मजबूत हायत. इंजिन बी पेटते. फक्त ऐकत नाही."

"धडधाकट हाय पन ऐकत नाही?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "मंग असा एक घरात हाय ना आधीच."

बाबांचं म्हणणं खरं होतं. हँडल मारला की इंजिन पेटायचं आणि डिझेलचा कॉक बंद केला की थांबायचं. पण मधलं काहीच हलत नव्हतं. क्लचचा दांडा जागच्या जागी रुतला होता. मुठींच्या खाली सायकलच्या ब्रेकसारखे दोन पंजे होते, डावा दाबला की डावीकडे वळायचं, उजवा दाबला की उजवीकडे. ते दोन्ही दगडासारखे घट्ट. रेस वाढवायचा खटकाही तसाच. गिअर टाकला असता तर ते यंत्र अंगणातून सरळ शेजारच्या भिंतीत गेलं असतं आणि आम्हाला त्याला थांबवता किंवा वळवता आलं नसतं. बाबा म्हणायचे, "बैल तगडा हाय, कासरा नाही."

आता इथे त्या वेळची आमची अडचण सांगायला हवी. आमच्याकडे सरकारकडून मिळालेल्या पट्ट्याची थोडी जमीन होती. बाबा मालकाकडे असेपर्यंत तिच्यासाठी मालकाची बैलजोडी मिळायची. चाकरी गेली तशी जोडीही गेली. बाबांचा हात चालत नव्हता, दादा रस्त्यावर. म्हणजे जमीन पेरायची तर दुसऱ्यांच्या मागे लागून, त्यांची कामं करून, त्या बदल्यात त्यांचे बैल मिळवायचे, आणि ती कामं करायला घरात एकच माणूस मोकळा होता. तो मी. मी नुकताच इंटर, म्हणजे बारावी, झालो होतो. आदिलाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव लागलं होतं, वसतिगृहात जागा मिळाली होती, आणि कॉलेज पेरणीच्या तोंडावरच सुरू होणार होतं. एका संध्याकाळी, खांदा शेकून घेता घेता, बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मिलिंद, या साली राहू दे. पुढच्या साली पाहू."

पुढचं साल म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझ्याबरोबर दहावीला बसलेली गावातली तीन-चार हुशार मुलं पुढच्या सालाची वाट पाहत होती. त्यातला एक आता धाब्यावर होता. वहिनीने पुरचुंडी तव्यावर परत ठेवली.

"मामाजी, हे मशीन चाललं तर?"

"चाललं तर चाललं. चालवनार कोन?"

"मी."

बाबा हसले. मग त्यांना कळलं की ती हसत नाही. "बाईमानूस मशीनीच्या मागं? लोक काय म्हनतीन?"

"काऊन? निंदाले बाई, कापूस येचाले बाई, डोक्यावर मोळी आनाले बाई. तवा लोक काही म्हनत नाहीत. मुठीले हात लावला की मंगच त्यायले बोलता येते का?" तिने गरम पुरचुंडी बाबांच्या खांद्यावर जरा जोरातच टेकवली. "मी मागं चालीन. भाऊजी कालेजात जातीन. अजून काय पायजे?"

बाबांनी पुरचुंडी खांद्यावर नीट धरली. मग म्हणाले, "आधी ऐकू तर दे त्याले. ऐकलं, तर धर." हा आमच्या घरातला करार. त्यावर सही कुणाची नव्हती, पण बाबांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडला नव्हता हे आम्हा दोघांना माहीत होतं. कॉलेज उघडायच्या आधी टिलर ऐकायला लागला पाहिजे. नाही लागला तर त्याच्या जागी मी.

मी सगळं सोडून त्या यंत्राच्या मागे लागलो. माझी समजूत एकच होती, की हा गंज आहे, आणि गंजाला डिझेल पाजायचं असतं. सांध्यासांध्यांत डिझेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी ओढून पाहिलं. रॉकेल ओतलं. फडकी भिजवून बांधली. पंजा तसूभर हलला नाही. माझ्या बोटांना डिझेलचा वास इतका बसला की वहिनी मला भाकरी दुरून वाढायची. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. गंज लाल असतो, हाताला लागतो, त्याची भुकटी पडते. इथे सांध्यांवर होतं ते तपकिरी, चकचकीत, काचेसारखं टणक. नख लावलं तर घसरायचं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. माणसाला उत्तर आधीच माहीत असलं की डोळ्यांना दिसलेलं तो ऐकत नाही. पुढे कितीतरी वर्षं मी मुलांना प्रयोगशाळेत हेच सांगत आलो.

शेवटी इचोड्याहून यादगिरी मेकॅनिकला बोलावलं. तो सायकलच्या मागे हत्यारांची पिशवी बांधून आला. माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन पाहून त्याने लगेच माझं नाव पाडलं. तेलुगूत मास्तरांना पंतुलू म्हणतात.

"क्या पंतुलू, कितना डीजल पिलाया इसको?"

"बहुत."

"इसको नहीं, ट्रक को पिलाते तो तुम्हारा भाई हैदराबाद पहुँच जाता."

तो चांगला कारागीर होता. सगळे सांधे बोटांनी चाचपून त्याने कपाळाला आठी घातली. "जंग दिखता नहीं. अजीब है." मग लाकडाचा तुकडा ठेवून त्याने हातोड्याने हलकेच ठोकून पाहिलं. दांडा हलला नाही, पण दांडा ज्या दोन कानांमध्ये बसवलेला असतो त्यातला एक कान किंचित कणकण वाजला. मी पटकन त्याच्या हातावर हात ठेवला.

"वही बोल रहा मैं," तो म्हणाला. "ये कान बीड का है, ढला हुआ लोहा. और मारा तो टूटता. भैंसा के मार्केट में भी नहीं मिलता इसका माल, बंद हो गया. अब एकच रस्ता. गॅस से काटना, नया वेल्डिंग करना. फिर हाथ में कैसा आता, वो मैं नहीं बोल सकता."

दोन दिवसांनी गॅस कटर घेऊन येतो म्हणून तो गेला. कापून जोडलेल्या पंजाच्या भरवशावर बाबा वहिनीला मुठी धरू देणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. मी अंगणात बसून राहिलो. वहिनी येऊन शेजारी बसली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि टिलरच्या नाकावरची धूळ पुसायला लागली. "चांगला दिसते पन," ती म्हणाली. "तोंड धुतलं की नवरदेव."

बाबांना त्या इंजिनाचा आवाज आवडायचा. रोज दुपारी ते म्हणायचे, "जरा पेटव, आवाज ऐकू दे." दुसऱ्या दिवशी दुपारीही मी गिअर मोकळा ठेवून ते सुरू केलं आणि बंद करायचं विसरून त्याच्या कडेला डोक्याला हात लावून बसलो. टक-टक-टक-टक. बाबा बाजेवर डोळे मिटून पडले होते. बराच वेळ गेला. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत घरातून बाहेर आली.

"जवस कोन भाजून राह्यलं? करपले ना!"

"तूच भाजत असशील."

"मी काऊन भाजू? चूल विझली, तवा पालथा पडला हाय." ती नाक वर करून वास घेत अंगणभर फिरली. शेजारच्या घराकडे गेली, परत आली. मग टिलरजवळ थांबली, वाकली, आणि सायलेन्सरच्या बाजूला असलेल्या रेसच्या सांध्याशी नाक नेलं. "भाऊजी! हे मशीन जवसाची चटनी करून राह्यलं!"

मी उठलो. खरंच तो वास होता. जड, कडसर, आमच्या रोजच्या चटणीचा. सायलेन्सरच्या उष्णतेने त्या सांध्यावरचा चकचकीत थर मऊ होऊन काकवीसारखा चिकट झाला होता. मी रेसचा दांडा बोटाने सहज दाबला. इतके दिवस दगड असलेला तो दांडा केसभर हलला, आणि इंजिनाने आवाज वाढवला. टकटकटकटक. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बाबा बाजेवर उठून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता.

"बंद कर ते," बाबा म्हणाले. मी कॉक फिरवला. अंगण एकदम शांत झालं. "हे माह्यं काम हाय."

"काय तुमचं काम, मामाजी?"

"खांदमळनी."

हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला धुऊन त्याच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू बसलेलं असतं तिथे, हळद आणि तूप किंवा तेल लावून मळतात, शेकतात, आणि त्याच्या कानाशी जाऊन त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण देतात: "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ज्याला वर्षभर शिव्या देऊन हाकलं त्याला त्या दिवशी अहोजाहो. आम्ही बौद्ध. आमच्या घरात पूजा नव्हती. मालकाच्या दारात बैलांची आरती होई तेव्हा बाबा बाजूला उभे राहत. पण खांदा मळायचं काम ते कुणाला करू देत नसत. ते म्हणत, "ती पूजा नोहे. राबनाऱ्यानं राबनाऱ्याचा खांदा पाह्यला, बस."

टिलर घेतला त्या वर्षी पोळ्याला मालक गमतीने म्हणाला होता, याचाही खांदा मळ रे, हाही राबतो. मालकाला ती गंमत होती. बाबांनी मनापासून केलं. जिथे जिथे सांधा दिसला, जिथे वळणारं काही दिसलं, तिथे तिथे हळद कालवलेलं तेल बोटांनी आतपर्यंत भरलं. दरवर्षी.

"तूप नव्हतं लावलं?" वहिनीने विचारलं.

"तूप मालकाच्या पोटात. आमाले जवसाचं तेल." बाबा क्षणभर हसले. मग म्हणाले, "माह्याच हातानं बांधून ठेवला त्याले. माह्याच हातानं पोराचं साल गेलं असतं."

वहिनीने घरातून खुरपं आणलं, रेसच्या सांध्यावरचा मऊ झालेला थर अलगद खरवडला आणि बाबांना हाताला धरून तिथे आणलं. "हे पाहा, मामाजी. खाली पाहा." थराखाली लोखंड कोरं होतं. कारखान्यातून आलं तसं राखाडी, स्वच्छ, एकही लाल ठिपका नसलेलं. "मालकाच्या गोठ्यात मुतात उभा होता ना तो? दुसरा कोनता सांधा असा राह्यला असता? तुमी तेल नसतं लावलं तर आज हा भंगारात असता. बांधून ठेवला म्हनता, मी म्हनतो राखून ठेवला."

बाबांनी बोट लावून पाहिलं. दोनदा पाहिलं. मग नाक शिंकरलं आणि म्हणाले, "मंग आता सोडवा त्याले."

जवसाचं तेल हवेत वाळतं, हे मला नंतर पुस्तकात सापडलं. खोबरेल वाळत नाही, तूप वाळत नाही, जवस वाळतं आणि त्याचा रोगणासारखा थर होतो. त्या दिवशी एवढंच दिसलं होतं की ते तेल आहे आणि उष्णतेने मऊ होतं. मी इंटरच्या पुस्तकातलं आठवून मोठ्या आवाजात म्हणालो, "तेलावर क्षार घातला तर त्याचा साबण होतो. आपल्याला एखादा क्षार पाहिजे."

"क्षार म्हंजे?"

"म्हणजे... धुण्याचा सोडा."

"मंग सोडा म्हना ना! क्षार क्षार काय करून राह्यले. मी इकडं घाबरले का आता शहरातून काही आनावं लागते." आणि ती कपडे उकळायचा डबा आणायला आत गेली.

ती दुपार आणि दुसरी सकाळ मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वेळांमध्ये धरतो. वहिनीने चूलच अंगणात मांडली. डब्यात सोड्याचं पाणी उकळत ठेवलं. मुठींपासून इंजिनापर्यंत गेलेल्या केबली सोडवून मी त्या वेटोळं करून कपड्यांसारख्या डब्यात उकळायला टाकल्या. पंजांवर आणि क्लचच्या दांड्यावर आम्ही उकळत्या पाण्यातली फडकी गुंडाळायचो, थंड झाली की बदलायचो. बाबा पाटावर बसून हुकूम सोडत होते. बैलाचा खांदा कसा शेकतात ते त्यांना माहीत होतं आणि आता ते आम्हाला शिकवत होते. "एकदम ओढू नको. आधी ऊब आत जाऊ दे. बैल खांदा ढिला सोडते, मंग मळ. हा, आता. हलकं. पुढं-मागं, पुढं-मागं." पाणी तपकिरी व्हायला लागलं, त्यावर फेस आला, आणि सगळ्या अंगणाला धुण्याचा आणि चटणीचा मिळून एक चमत्कारिक वास सुटला. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावून म्हणाली, "कमल, आज भाजी कशाची हाय वं?" वहिनी म्हणाली, "क्लचची, आत्याबाई. वाटी आना, देतो."

पहिल्यांदा डावा पंजा सुटला. वाळलेल्या डिंकाचा तुकडा मोडतो तसा बारीक आवाज झाला आणि तो माझ्या हातात आत आला. मी तो सोडला. तो परत गेला नाही. मी बोटाने परत ढकलला, पुन्हा दाबला, फडकं बदललं, पुन्हा. असं करता करता एकदा तो आपला आपण टप्पकन परत गेला. वहिनीने टाळी वाजवली. उजवा त्यानंतर लवकर सुटला. क्लचने संध्याकाळ घेतली आणि तरीही अर्धाच हलला. सकाळी आम्ही त्याला पुन्हा शेकत होतो तेव्हा यादगिरी आला, गॅस कटर, सिलिंडर, सगळं एका बैलबंडीत घालून. फाटकात उभा राहून त्याने चुलीकडे पाहिलं, डब्यातल्या केबलींकडे पाहिलं, फडक्यात गुंडाळलेल्या टिलरकडे पाहिलं.

"पंतुलू, मशीन को बुखार आया क्या?"

मी डावा पंजा दाबून दाखवला. टप्प. यादगिरीने बंडीवरचं सिलिंडर तसंच ठेवलं, बाह्या वर केल्या आणि येऊन बसला. क्लचची खीळ त्याने अशी अचूक बाहेर काढली की आमच्याकडून ती दिवसभरात निघाली नसती. उकळलेल्या केबली पुसून, वाळवून, त्यांत इंजिनचं तेल सोडून त्यानेच परत बसवल्या, प्रत्येकीचा ताण बोटाने पाहिला. सांध्यांना ग्रीस भरलं. जाताना त्याने बाबांपुढे हात जोडले. "बापू, इसके बाद खांदा-बिंदा जो करना है, ग्रीस से करना." मग मुठी वहिनीच्या हातात दिल्या, माझ्या नाही, आणि मला ते फार आवडलं. "अक्का, याद रखो. पहले क्लच. डर लगा, क्लच. कुछ समझा नहीं, क्लच."

"आन मेकॅनिक ज्यादा बोलला तर?" वहिनीने विचारलं.

"तब भी क्लच," यादगिरी म्हणाला.

शेतात आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वहिनीने कासोटा घातला, पदर कमरेला खोचला, क्लच सोडला आणि टिलर निघाला. सुरुवातीला तिला तो ओढत होता. मग तिने पाय रोवले आणि तिची चाल त्याच्या चालीला मिळाली. मातीचा काळा पट्टा तिच्या मागे उलटत गेला. मी बांधावर उभा होतो, माझ्या शेजारी बाबा. पाहायचं होतं ते धुऱ्याशी, शेत संपतं त्या कडेशी. सरळ तर कोणीही जाईल, वळलं पाहिजे. धुरा जवळ आला. बाबांच्या तोंडून आपोआप बैलाला वळवायचा आवाज निघाला. वहिनीने डावा पंजा दाबला. टिलर शिकवलेल्या बैलासारखा डावीकडे झुकला, वळला, आणि ती आमच्याकडे तोंड करून परत यायला लागली. घामाने चेहरा भिजलेला, दात दिसत होते. बाबांनी आपला दुखरा हात जेवढा वर जाईल तेवढा वर केला. छातीच्या थोडा वरच गेला.

पायवाटेवरून जाणाऱ्या एकाने हाक मारली, "काऊन वं कमल, घरातले गडी संपले का?"

"एक कालेजात चालला, एक पेन्शनीवर हाय," वहिनीने इंजिनाच्या वरताण ओरडून सांगितलं. "तुमी येता का? मुठी मोकळ्याच हायत." तो माणूस गेला. पुढे हंगामभर लोक तिला पाहायला थांबत, आणि दोन वर्षांनी त्यातलेच काही आपल्या वावरात टिलर फिरवून दे म्हणून आमच्या अंगणात येऊन बसत.

दुपारी बांधावर आम्ही तिघं जेवायला बसलो. भाकर, कांदा आणि अर्थातच जवसाची चटणी. वहिनीचे दोन्ही तळहात लाल झाले होते आणि खांदे भरून आले होते. एक हात दुसऱ्या खांद्यावर दाबत ती म्हणाली, "पोळ्याले बैलाले तरी आवतन भेटते. मले कोन देनार?"

"मी देईन," मी म्हणालो.

"तुमी? तुमाले भाकर थापता येते का?"

नव्हती येत. आठवड्याभराने मी आदिलाबादच्या बसमध्ये बसलो. कॉलेजची वर्षं, वसतिगृहातला पातळ भात, तेलुगूतून आणि इंग्रजीतून शिकताना झालेली ओढाताण, हे सगळं वेगळं लिहिण्याजोगं आहे, पण त्या सगळ्या काळात मला एका गोष्टीची कधी काळजी वाटली नाही. घरी जमीन पेरली जात होती. आज मी आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात राहतो. वहिनी गावीच असते, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते आणि नातवाला नव्या टिलरवर बसू देत नाही, कारण तो क्लच विसरतो. मागच्या उन्हाळ्यात ती आली होती तेव्हा मी तिला विचारलं, तुझ्यावर लिहू का? ती म्हणाली, "लिहा, पन माह्या हातच्या चटनीचं बी लिहा." ते लिहिलं आहे. मला मास्तरची नोकरी लागली आणि मी मावल्यात पहिली खोली घेतली, तेव्हा तिला पाठवलेलं पत्र खाली देतो, आणि थांबतो.

"प्रिय वहिनी,

सप्रेम जय भीम. बाबांना सांग की शाळेत रुजू झालो. नववी आणि दहावीला विज्ञान शिकवतो. पहिल्याच तासाला मुलांना विचारलं, तेल वाळतं का? सगळे म्हणाले, नाही. मी म्हणालो, माझ्या वहिनीला विचारा.

मावल्यात खोली घेतली आहे. एक चूल आहे, एक तवा आहे. तव्याचं बूड रोज घासतो, येऊन उलटा करून पाहा. भाकर थापायला शिकलो. पहिल्या आठवड्यातल्या भाकरी कुत्र्यानेही खाल्ल्या नाहीत, आता गोल होतात. जवस आणून ठेवले आहेत, ते मात्र तूच भाज, मला नेमकं कधी थांबायचं ते कळत नाही.

पुढच्या आठवड्यात पोळा आहे. टिलरला ग्रीस लाव आणि बाबांना हळदीचा डबा सापडू देऊ नकोस. त्यांना खांदा मळायचाच असेल तर इकडे पाठव, माझा वर्गात उभं राहून दुखतो.

तू एकदा बांधावर बसून विचारलं होतंस, तुला आवतण कोण देणार. तेव्हा मी नुसता शब्द दिला होता. पत्र पोचायला दोन-चार दिवस लागतील, म्हणून तू ज्या दिवशी बसमधून उतरशील तोच दिवस उद्याचा धरतो. मिठाची पुरचुंडी तापवून ठेवतो, आल्या आल्या खांदा शेकून घे.

कमलवहिनी, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

तुझा,
मिलिंद"